स्किन जरूर घ्या, पण हिशेब रुपयांत करा

बीजीएमआय (पबजी मोबाइलचा भारतीय अवतार) खेळणाऱ्या चौघांच्या कुठल्याही स्क्वॉडमध्ये पैशांवरून निदान दोन तट असतातच. एकाकडे एम४१६ बंदुकीची ग्लेशियर ही दुर्मीळ स्किन, म्हणजे वरचा रंग-पोशाख, असते, पण ती मिळायला किती क्रेट (नशिबाच्या पेट्या) उघडावे लागले हे तो कुणाला सांगत नाही. दुसरा डीफॉल्ट कपड्यांत फिरतो आणि ‘बंदूक तीच, गोळी तीच’ हे दर सामन्याला ऐकवतो. तिसरा फक्त आरपी (रॉयल पास) घेतो. चौथ्याच्या हातात वडिलांचा मोबाइल असतो, त्यामुळे त्याचं मत कुणी विचारत नाही. पण गेमला पैसे देणं हेच मुळात चूक, असं या चौघांतलं कुणीच म्हणत नाही. गेम फुकट उतरवता येतो, सर्व्हर चालवायला खर्च येतो, तेव्हा कुणीतरी पैसे देणार हे सगळ्यांना मान्य असतं. डीफॉल्टवाल्यालाही ठाऊक असतं की आपला खेळ ग्लेशियरवाल्याच्या खिशावर चाललाय.

खेळाडू चिडतात ते दुसऱ्या कारणांनी, आणि गेली पंधरा वर्षं ते त्याच त्या कारणांनी चिडत आले आहेत. जिंकण्याची ताकद विकायला काढली की चिडतात. वस्तूची किंमत नशिबावर सोडली की चिडतात. नाण्यांच्या खेळात खरा भाव लपवला की चिडतात. पैसे भरण्याआधी नेमकं हेच तपासायचं असतं, त्यामुळे त्यांची ही भांडणं तुमच्या कामाची आहेत. तुम्ही स्वतः खेळत असाल तर, आणि तुमच्या घरातलं कुणी तुमच्या फोनवर खेळत असेल तरीही.

ताकद की नुसता रंग?

पहिला प्रश्न अगदी सोपा: ही वस्तू घेतल्यावर मी जास्त जिंकेन का? उत्तर ‘नाही’ असेल तर पुढचा विचार आवडीनिवडीचा. ‘हो’ असेल तर खरेदीआधी तो गेमच खेळावा की नाही याचा विचार करा.

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ बाजारात आणला. गेम फुकट नव्हता, ६० डॉलरचा होता. तरीही लढाईत फायदा देणारी कार्डं पेट्यांतून निघत आणि त्या पेट्या पैसे देऊन घेता येत. डार्थ व्हेडरसारखं पात्र खेळून मिळवायचं तर ६० हजार क्रेडिट जमवावे लागत. एकेका पात्रासाठी साधारण ४० तास घालावे लागतील, असा हिशेब खेळाडूंनी मांडला. कंपनीनं रेडिटवर स्पष्टीकरण दिलं, की हे कष्ट खेळाडूला अभिमान वाटावा म्हणून आहेत. त्या एका उत्तराला साडेसहा लाखांहून जास्त नापसंतीची मतं पडली. आधी किंमत ७५ टक्क्यांनी उतरवली गेली, मग गेम येण्याच्या आदल्या रात्री पैशांची खरेदीच बंद झाली. २०१८ मध्ये ती परत आली ती फक्त दिखाऊ वस्तूंपुरती. दुकानदारानं गिऱ्हाइकाचं इतक्या झटपट ऐकल्याची उदाहरणं या धंद्यात फार नाहीत.

आपल्याकडे हा वाद ‘फ्री फायर मॅक्स’मध्ये रोज चालतो. तिथल्या बऱ्याच गन स्किनना गुणधर्म असतात: डॅमेज थोडा जास्त, रीलोड थोडा लवकर, बदल्यात मॅगझिन लहान. म्हणूनच गावातल्या मुलांनी कस्टम रूम लावली की पहिलं ठरतं, ‘गन प्रॉपर्टी ऑफ’. हा नियम त्यांना कुणी शिकवलेला नाही. खेळ बरोबरीचा हवा असेल तर पैशाचा फायदा दाराबाहेर ठेवायचा, हे त्यांनी आपलं आपण ठरवलं. तुम्ही प्रामुख्यानं मित्रांबरोबर अशाच रूममध्ये खेळत असाल, तर डॅमेज वाढतो म्हणून डायमंड (त्या गेममधली नाणी) खर्चण्यात अर्थ नाही. तिथे तो गुण चालणारच नाही.

‘नुसता रंग’ म्हणून विकलेली वस्तूही कधी कधी फायदा देऊन जाते. ‘कॉल ऑफ ड्यूटी: वॉरझोन’मध्ये रोझ नावाच्या पात्राचा एक काळाकुट्ट पोशाख होता. तो घालून अंधाऱ्या कोपऱ्यात बसलं की समोरच्याला काही दिसेना. ओरड इतकी झाली की शेवटी पोशाख उजळ करावा लागला. याच्या उलटही घडतं. बीजीएमआयच्या एरँगेल नकाशातल्या गवतात झगमगता सूट घालून आडवं पडलं की चारही बाजूंनी गोळ्या येतात. महागडे सूट लॉबीत शोभतात, सामन्यात ते निशाण होतात.

यातून एक बारीकसा नियम निघतो. तुमचा कॅमेरा कुठे असतो ते बघा. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये तुम्हाला स्वतःचं पात्र दिसतच नाही. दिसतात ते हात आणि बंदूक. तिथे पैसे घालायचेच तर बंदुकीवर घाला, आणि तेही ज्या बंदुकीनं तुम्ही रोज खेळता तिच्यावर. बीजीएमआयमध्ये नेहमीच्या मोडला कॅमेरा पाठीमागे असतो, म्हणून कपडे, बॅग, हेल्मेट सतत डोळ्यांसमोर राहतात. एफपीपी, म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या जागी असलेला मोड, खेळणाऱ्यानं भारी सूट घेतला तर तो लॉबी सोडून सामन्यात दुसऱ्यांनाच दिसतो. घ्या, पण कुणासाठी घेताय ते माहीत असू द्या.

नाण्यांचं गणित

शूटर गेमच्या दुकानात सहसा रुपये दिसत नाहीत. बीजीएमआयमध्ये यूसी दिसतात, फ्री फायरमध्ये डायमंड, व्हॅलोरंटमध्ये व्हीपी. आपण किती खर्च करतोय याची टोचणी लागू नये, हाच त्यामागचा हेतू.

बीजीएमआय २०२१ च्या जुलैत आला तेव्हाचे भाव घेऊन हिशेब करू. महिन्याचा आरपी ३६० यूसीला होता. ६० यूसीचं पॅक ७५ रुपयांना, आणि ३०० वर २५ बोनस असं ३२५ चं पॅक ३८० रुपयांना. मोठं पॅक घेतलं की ३५ यूसी कमी पडतात. म्हणून वर ६० चं आणखी एक घ्यायचं. झाले ४५५ रुपये, आणि खात्यात उरले २५ यूसी, ज्यांत धड काहीच येत नाही. त्याऐवजी ६० ची सहा पॅक घेतली तर नेमके ३६० यूसी होतात, ४५० रुपयांत. म्हणजे बोनसवालं मोठं पॅक परवडतं ही समजूत इथे चालत नाही. फरक पाचच रुपयांचा आहे, त्याचं काही नाही. पण ते उरलेले २५ यूसी ‘वाया जाऊ नयेत’ म्हणून माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा दुकानात येतो. भाव तेव्हापासून बदललेत, ही चाल बदललेली नाही.

व्हॅलोरंटमध्ये दुसरी गंमत आहे. प्रीमियम दर्जाची एक स्किन १७७५ व्हीपीला पडते. चार बंदुका आणि एक चाकू असा संच ७१०० व्हीपीला. १७७५ गुणिले ४ करून पाहा, बरोबर ७१०० येतात. म्हणजे चारही बंदुकांची पूर्ण किंमत मोजली तर चाकू फुकट. चारही बंदुका तुम्ही खरंच वापरत असाल तर सौदा चांगला आहे. पण बहुतेकांच्या हातात सामन्याचा बराचसा वेळ व्हँडल किंवा फँटम या रायफलींपैकी एकच असते. मग फुकटच्या चाकूपायी तीन बंदुका अंगावर पडतात.

तेव्हा खरेदीचं बटण दाबण्याआधी फोनच्या नोंदवहीत त्या वस्तूपुढे रुपयांतला आकडा लिहा. नाणी जुनी असली तरी लिहा, ती कधीतरी रुपये देऊनच आली होती. आकडा पाहून दोन दिवस थांबा. त्या दोन दिवसांत ‘शेवटचे काही तास’ असा उलटा मोजणारा काटा दिसत राहील. ग्राहकांना खोटी घाई करण्याच्या युक्त्यांना आपल्याकडच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अनुचित ठरवलं आहे. पण दुकानातली प्रत्येक घाई खोटी असते असं नाही आणि खरी असते असंही नाही. आणि हुकलेली बरीचशी स्किन पुढे कुठल्या ना कुठल्या निमित्तानं दुकानात परत येते.

पेटी, क्रेट, स्पिन

खेळाडूंमधली सगळ्यात कडवट भांडणं इथली आहेत, म्हणून जरा थांबून पाहू.

काउंटर-स्ट्राइकमध्ये पेट्या आल्या २०१३ च्या ऑगस्टमध्ये. पेटी खेळताना हाती लागते किंवा बाजारातून घेता येते, पण उघडायला किल्ली लागते आणि किल्ली २.४९ डॉलरची. आत काय निघण्याची शक्यता किती, हे बरीच वर्षं कुणाला अधिकृतपणे माहीत नव्हतं. २०१७ मध्ये चीनच्या नियमांमुळे तिथल्या वितरकाला आकडे जाहीर करावे लागले. रंग म्हणजे वस्तूचा दर्जा: निळी वस्तू ७९.९२ टक्के वेळा, जांभळी १५.९८, गुलाबी ३.२, लाल ०.६४, आणि ज्यासाठी सगळा खटाटोप चालतो तो चाकू किंवा हातमोजे ०.२६ टक्के.

०.२६ टक्के म्हणजे सरासरी ३८५ पेट्यांमागे एक. नुसत्या किल्ल्यांचाच खर्च धरला तर साडेनऊशे डॉलरच्या वर जातो. इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. ३८५ पेट्या उघडल्या म्हणजे चाकू मिळालाच, असं नाही. दर पेटीला शक्यता तेवढीच राहते, मागचं अपयश पुढे जमा होत नाही. गणित केलं तर ३८५ पेट्या उघडणाऱ्या शंभर जणांपैकी साधारण ३७ जण कोरडेच राहतात. यूट्यूबवर ज्यांच्या स्क्रीनवर सोनेरी पट्टी चमकते ते उरलेल्या ६३ मधले. कोरडे राहिलेले सहसा व्हिडिओ टाकत नाहीत. जत्रेतल्या रिंग फेकण्याच्या खेळात निदान साबणाची वडी समोर मांडलेली तरी दिसते.

काही गेम ‘हमी’ देतात. एपेक्स लेजंड्समध्ये ५०० पॅक उघडेपर्यंत एकदा तरी एअरलूम या सर्वांत दुर्मीळ वस्तूचे तुकडे मिळतीलच, असा नियम आहे. एक पॅक साधारण डॉलरभराचं. खेळून मिळालेली पॅकही यात मोजली जातात, पण पदरमोड करून मागे लागणाऱ्यानं ५०० डॉलर हीच त्या वस्तूची किंमत धरावी. हा नियम सगळीकडे लावा. बीजीएमआयचा स्पिन असो की फ्री फायरचा, आतले नियम उघडून हमीची मर्यादा शोधा, तिथपर्यंतचे सगळे स्पिन रुपयांत मांडा. तो आकडा देऊन तुम्ही ती वस्तू सरळ दुकानातून घेतली असती का? नसेल, तर पहिला स्पिनही करू नका. दिवसाचा पहिला स्पिन मुद्दाम स्वस्त ठेवलेला असतो. आणि हमी कुठे लिहिलेलीच नसेल, तर किंमत ठाऊक नसलेली वस्तू म्हणून ती सोडून द्या.

बेल्जियमच्या जुगार आयोगानं २०१८ मध्ये अशा पैशांच्या पेट्यांना जुगार ठरवलं, आणि तिथल्या खेळाडूंना काउंटर-स्ट्राइकच्या पेट्या उघडता येईनाशा झाल्या. आपल्याकडे २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला, पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. स्किनच्या क्रेटपासून तो तुम्हाला वाचवेल या भरवशावर राहू नका.

‘पण काउंटर-स्ट्राइकच्या स्किन विकता येतात, ती गुंतवणूक आहे’ असं सांगणारा एक तरी मित्र असतोच. विकता येतात हे खरं. मात्र हा गेम ज्या स्टीम मंचावर चालतो त्याच्या बाजारात विकलं की साधारण १५ टक्के शुल्क कापलं जातं आणि पैसे स्टीमच्या पाकिटातच राहतात, बँकेत येत नाहीत. शिवाय भाव कंपनीच्या हातात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्हनं पाच लाल वस्तू देऊन चाकू किंवा हातमोजे घेण्याची सोय केली आणि चाकूंचे भाव एका रात्रीत कोसळले. ज्यांनी आवड म्हणून घेतला होता त्यांचा चाकू पूर्वीइतकाच सुंदर राहिला. ज्यांनी गुंतवणूक म्हणून घेतला होता त्यांनी सकाळी डोक्याला हात लावला.

पास घ्यायचा तर कधी

बॅटल पासबद्दल खेळाडू बरेच मवाळ असतात, कारण काय मिळणार ते आधी दिसतं. इथे खरी किंमत वेळेची असते. पास घेऊन तिसाव्या लेव्हलला सीझन संपला तर पुढचं सगळं गेलं. यावर जुन्या खेळाडूंची युक्ती अशी: सुरुवातीला पास घेऊच नका. फुकटच्या रांगेत खेळत राहा आणि शेवटच्या आठवड्यात लेव्हल बघा. बहुतेक गेममध्ये पास उशिरा घेतला तरी गाठलेल्या लेव्हलपर्यंतची सगळी बक्षिसं एकदम मिळतात. म्हणजे काय मिळणार हे शंभर टक्के माहीत असताना पैसे भरता येतात.

पासमधून नाणी परत मिळतात का, तेही बघा. फोर्टनाइटचा पास बराच काळ ९५० व्ही-बक्सला होता आणि पूर्ण खेळणाऱ्याला १५०० परत मिळत. एकदा घेतला की खेळत राहणाऱ्याला पुढचा त्यातच निघे. हीच सोय एपेक्सनं २०२४ च्या जुलैत काढायला घेतली. एका सीझनला दोन पास, आणि तेही गेममधल्या नाण्यांनी नाही, रोख पैशांनीच. स्टीमवर नकारात्मक शेऱ्यांचा पाऊस पडला आणि काही आठवड्यांत कंपनीला नाण्यांची सोय परत द्यावी लागली. लोकांचा राग किमतीपेक्षा खेळून कमावण्याची वाट बंद झाल्याचा होता. उलट ‘हेलडायव्हर्स २’मध्ये पास संपत नाहीत आणि मोहिमांत हिंडताना नाणी सापडतात. तिथले खेळाडू इतर गोष्टींवरून कितीही कुरकुरोत, या व्यवस्थेचं कौतुकच करतात.

घेतलं म्हणजे आपलं झालं का?

झालं नाही. अटी-शर्तींत ती वस्तू वापरण्याची परवानगी असते, मालकी नसते. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, ऑक्टोबरअखेर भारतातले सर्व्हर बंद झाले, आणि हजारोंचा साठा अधांतरी लटकला. पुढच्या वर्षी बीजीएमआय आला तेव्हा जुना डेटा हलवायची सोय मिळाली म्हणून तो साठा वाचला. २०२२ च्या जुलैत बीजीएमआयही अ‍ॅपच्या दुकानांतून गायब झाला आणि २०२३ च्या मेमध्ये परतला. एपेक्सची मोबाइल आवृत्ती १ मे २०२३ रोजी कायमची बंद झाली आणि खर्चलेले पैसे परत मिळाले नाहीत. त्यामुळे नाणी साठवून ठेवू नका. मोठ्या पॅकवर सवलत दिसली तरी या महिन्याला लागतील तेवढीच घ्या.

आता फोन ज्यांच्या नावावर आहे त्यांच्यासाठी. मुलानं लाखो रुपये उडवल्याच्या बातम्या येतात, पण बहुतेक घरांत पैसे जातात ते शंभर-दीडशेच्या तुकड्यांत, आणि महिनाअखेरीपर्यंत लक्षातही येत नाहीत. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याचा पर्याय आहे, तो ‘दर वेळी’वर ठेवा. मात्र मुलाच्या बोटाचा ठसा त्या फोनमध्ये नोंदवलेला असेल तर या कुलपाचा उपयोग शून्य. तिथेच महिन्याचं बजेटही लावता येतं, पण ते फक्त सूचना देतं, खरेदी अडवत नाही. मुलाचं खातं गूगलच्या फॅमिली लिंकला जोडलं तर खरेदीची परवानगी तुमच्या फोनवर मागितली जाते. आयफोनवर हेच काम ‘आस्क टू बाय’ करतं. या सगळ्या कुलपांना एक फट आहे: मुलानं ब्राउझरमधून, टॉप-अपच्या वेगळ्या संकेतस्थळावर यूपीआयनं पैसे भरले तर प्ले स्टोअरला काही कळत नाही. म्हणून बचत खात्याचं कार्ड किंवा यूपीआय त्या फोनवर ठेवूच नका. ठरलेल्या रकमेचं प्ले स्टोअरचं गिफ्ट कार्ड भरा. संपलं की संपलं. यूपीआय अ‍ॅपमधली ऑटोपेची यादीही उघडून बघा, जुने मासिक पास तिथे जिवंत असतात.

रक्कम ठरवताना मुलाला समोर बसवा आणि वर सांगितलेला रुपयांचा हिशेब त्यालाच करू द्या. ‘असल्या चित्रांना कसले पैसे’ म्हणून उडवून लावलंत तर तो विचारणं सोडेल, घेणं सोडणार नाही. त्याच्या वर्गात डीफॉल्ट कपड्यांवरून चिडवतात, हे तुम्हाला क्षुल्लक वाटलं तरी त्याला वाटत नाही.

निम्म्या भावात यूसी किंवा डायमंड देणारे इन्स्टाग्राम आणि टेलिग्रामवर रोज भेटतात. खऱ्या टॉप-अपला फक्त प्लेअर आयडी लागतो. पासवर्ड, ओटीपी किंवा गेमला जोडलेलं ईमेल कुणी मागितलं की तिथेच थांबा. काही वेळा यूसी खरंच येतात, पण ते चोरीच्या कार्डावर घेतलेले असतात. व्यवहार उलटला की आयडी बंद होतो तो तुमचा. तयार आयडी विकत घेण्याचंही असंच. गेमच्या नियमांत ते बसत नाही, आणि मूळ मालक जोडलेल्या ईमेलवरून तो केव्हाही परत ओढून घेऊ शकतो.

चुकून खरेदी झाली तर नाणी खर्च न करता तसंच थांबा. प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत थेट गूगलकडे परतावा मागता येतो, त्यानंतर गेमच्या कंपनीकडे जावं लागतं. आयफोनवाल्यांनी अ‍ॅपलच्या ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ पानावर मागायचा. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. फसवणूक झाली असेल तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा, मग बँकेला कळवा आणि व्यवहाराचा क्रमांक व चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. समोरचा ‘भाई, दहा मिनिटांत येतील यूसी’ म्हणत असेल, तर ती दहा मिनिटं त्याला देऊ नका.